एका ‘द’चा फरक

‘दुपारी जरा डोळा लागला’ आणि ‘लेकाच्या वाटेकडे डोळे लागले’ ही दोन वाक्यं मराठी घरात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. एक डोळा लागला की झोप, दोन्ही लागले की वाट पाहणं. अवयव तोच, क्रियापद तेच, बदललं ते फक्त वचन. मनाचंही तसंच. एखादी गोष्ट कुणाच्या मनात येते, कुणी ती मनावर घेतं, तर कुणी मनाला लावून घेतं. विचार, निश्चय आणि दुःख या तीन निराळ्या अवस्था प्रत्यय आणि क्रियापद बदलल्यानं उभ्या राहतात. हे आपण कधी पाठ केलेलं नसतं, तरी त्यात कधी चुकत नाही.

इंग्रजीकडे वळलो की आपली ही जाण कुठेतरी मागे राहते. इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. मुलं लांबलचक शब्दांची स्पेलिंग बिनचूक पाठ करतात आणि घसरतात ती ‘द’, ‘अ’, ‘इन’, ‘ऑन’, ‘ऑफ’ यांच्यावर. एवढ्याशा शब्दांना काय अर्थ असणार, असं त्यांना वाटतं. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. इंग्रजी वाक्प्रचारांत अर्थाची किल्ली बहुतेक वेळा या चिमुकल्या शब्दांच्याच हाती असते. त्यांतला एखादा बदलला, गळला किंवा नव्यानं आला, तर जुळ्या भावंडांसारखे दिसणारे दोन वाक्प्रचार दोन टोकांना जाऊन उभे राहतात.

‘द’पासूनच सुरुवात करतो, कारण मराठीत त्याला जोडीदार नाही. ‘आउट ऑफ द क्वेश्चन’ म्हणजे अशक्य, विचारसुद्धा करायला नको अशी गोष्ट. यातला ‘द’ काढला की उरतं ‘आउट ऑफ क्वेश्चन’, आणि शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत याचा अर्थ होता निःसंशय, वादातीत. एक सांगतो की हे होणारच नाही, दुसरा सांगतो की यात शंकाच नाही. आज हा दुसरा प्रयोग जवळजवळ मावळला आहे आणि त्याची जागा ‘बियॉन्ड क्वेश्चन’नं घेतली आहे, पण जुनं इंग्रजी वाचणाऱ्याला हा भेद ठाऊक नसेल तर वाक्याचा अर्थ पार उलटा लागतो.

त्याहून विलक्षण जोडी रोजच्या वापरातली आहे. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हटलं की बाळाची जबाबदारी परिचारिकेकडे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ या वाक्यातही जबाबदारी तिच्याकडेच आहे, पण आता वाक्याचा कर्ता बाळ झालं आहे. म्हणजे ‘इन चार्ज ऑफ’मध्ये कर्ता सांभाळणारा असतो आणि ‘इन द चार्ज ऑफ’मध्ये सांभाळला जाणारा. दुसऱ्या वाक्यातला ‘चार्ज’अगोदरचा ‘द’ विसरलात, तर पाळण्यातल्या बाळाकडे परिचारिकेची जबाबदारी येते. ‘इन पझेशन ऑफ’ आणि ‘इन द पझेशन ऑफ’ यांचंही असंच आहे. पहिल्यात कर्त्याच्या हाती घर असतं, दुसऱ्यात कर्ताच कुणाच्या तरी ताब्यात असतो. घराच्या करारात हा ‘द’ किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको.

‘गो टू सी’ म्हणजे खलाशी होणं, आयुष्य जहाजावर काढणं. ‘गो टू द सी’ म्हणजे समुद्रावर जाणं, मग ते भेळ खायला का असेना. ब्रिटनमध्ये कुणी ‘इन हॉस्पिटल’ असेल तर तो रुग्ण म्हणून दाखल आहे; ‘इन द हॉस्पिटल’ असेल तर तो कुणाला भेटायलाही गेलेला असू शकतो. अमेरिकेत मात्र दोन्हींसाठी ‘इन द हॉस्पिटल’च म्हणतात, तेव्हा तिथे हा भेद शोधू नये.

‘द’चा धाकटा भाऊ ‘अ’ तर माणसाचं नशीब फिरवू शकतो. शिफारसपत्रात ‘ही हॅज फ्यू फॉल्ट्स’ असं लिहिलं तर ती स्तुती आहे: या माणसात दोष जवळजवळ नाहीतच. ‘ही हॅज अ फ्यू फॉल्ट्स’ असं लिहिलं तर ती तक्रार आहे: याच्यात काही दोष आहेत. ‘लिट्ल’ आणि ‘अ लिट्ल’ यांचाही हाच न्याय. ‘लिट्ल होप’ म्हणजे आशा नाहीच म्हणा, ‘अ लिट्ल होप’ म्हणजे थोडी तरी आशा आहे. रुग्णाच्या नातेवाइकांशी इंग्रजीत बोलणाऱ्या डॉक्टरच्या तोंडी यातलं काय येतं, याला फार महत्त्व आहे.

आता वेळेकडे. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरल्या वेळी, वेळापत्रकाप्रमाणे. आपल्याकडे रेल्वेच्या चौकशी खिडकीवर यालाच ‘राइट टाइम’ म्हणतात. ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होऊन गाडी चुकण्याच्या आत. दहाची गाडी दहाला सुटली तर ती ‘ऑन टाइम’ आणि तुम्ही दहाला दोन मिनिटं असताना फलाटावर पोहोचलात तर तुम्ही ‘इन टाइम’. आग विझवणारा बंब ‘ऑन टाइम’ येत नसतो, कारण आगीला वेळापत्रक नसतं. तो ‘इन टाइम’ यावा लागतो. ‘बिहाइंड टाइम’ म्हणजे उशिरा, आणि एक ‘द’ व एक ‘स’ जोडून ‘बिहाइंड द टाइम्स’ म्हटलं की माणूस जुनाट विचारांचा ठरतो. याच्या उलट दिशेची जोडीही तेवढीच सुंदर आहे. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढणारे जोतीराव फुले ‘अहेड ऑफ हिज टाइम’ होते, म्हणजे काळाच्या पुढे होते. त्यांच्याबद्दल ‘अहेड ऑफ टाइम’ म्हटलं तर ते शाळेत घंटेच्या आधी पोहोचले, एवढंच कळतं. ‘हिज’ या एका शब्दानं घड्याळाचा काळ इतिहासाचा होतो.

पण या सगळ्या प्रकाराची खरी श्रीमंती पाहायची तर ‘हँड’ हा शब्द घ्यावा. ‘ॲट हँड’ म्हणजे जवळ, स्थळानं किंवा काळानं. ‘ऑन हँड’ म्हणजे गरज पडली तर हजर, किंवा दुकानात शिल्लक असलेला. ‘इन हँड’ म्हणजे चालू असलेलं, ताब्यात असलेलं. ‘टू हँड’ म्हणजे हाताशी, आणि जुन्या व्यापारी पत्रव्यवहारात ‘आपलं पत्र पावलं’ हे सांगायलाही हेच शब्द वापरत. ‘बाय हँड’ म्हणजे यंत्रानं नव्हे तर हातानं केलेलं. आपल्या कार्यालयांत पाकिटाच्या कोपऱ्यात ‘बाय हँड’ लिहितात तेव्हा अर्थ असतो टपालानं नव्हे, माणसाकरवी. ‘ऑफहँड’ म्हणजे पूर्वतयारीशिवाय, आणि थोडंसं बेफिकिरीनं. सहा जागी तोच हात आहे, पण त्याच्या अलीकडचा शब्दयोगी दरवेळी त्याला नवं काम देतो.

‘आउट ऑफ हँड’वर जरा थांबायला हवं. परिस्थिती ‘आउट ऑफ हँड’ गेली म्हणजे हाताबाहेर गेली, इथे मराठी आणि इंग्रजी अगदी खांद्याला खांदा लावून चालतात. पण ‘द जज रिजेक्टेड द ॲप्लिकेशन आउट ऑफ हँड’ या वाक्यात काहीही हाताबाहेर गेलेलं नाही. इथे अर्थ आहे तडकाफडकी, अधिक विचार न करता. काही शतकांपूर्वी ‘आउट ऑफ हँड’चा मुख्य अर्थ ‘ताबडतोब’ असाच होता. नवा अर्थ रुजला तरी जुना संपला नाही, नाकारण्याच्या क्रियापदांच्या आश्रयाला जाऊन राहिला. एकाच शब्दसमूहात दोन काळ असे शेजारी राहतात, हे मला या भाषेतलं फार मोठं नवल वाटतं.

हाताच्या जोड्याही पाहा. ‘हँड इन हँड’ म्हणजे हातात हात घालून, एकमेकांच्या सोबतीनं. ‘हँड टू हँड’ म्हणजे समोरासमोरची झुंज. प्रेम आणि लढाई यांच्यात फक्त ‘इन’ आणि ‘टू’ एवढं अंतर. ‘हँड इन ग्लव्ह’ म्हणजे संगनमत. ‘हँड अँड ग्लव्ह’ असं याचं जुनं रूप होतं तेव्हा ते साध्या दाट मैत्रीबद्दल वापरत. ‘हँड टू माउथ’ म्हणजे आपलं ‘हातावर पोट’. दोन्ही भाषांना गरिबी सांगताना हातच आठवला, फक्त आपल्याला पोट दिसलं आणि त्यांना तोंड. ‘हँड ओव्हर फिस्ट’ म्हणजे भराभर, बहुधा पैशाच्या बाबतीत. हे खलाशांकडून आलं. दोरावर चढताना एक हात वर, मग दुसरा त्याच्याही वर, अशा गतीला ते आधी ‘हँड ओव्हर हँड’ म्हणत. आणि ‘हँड्स डाउन’ जिंकणं म्हणजे सहज जिंकणं. ते घोड्यांच्या शर्यतीतून आलं: इतरांना खूप मागे टाकल्यावर स्वार लगाम सैल सोडून हात खाली घेतो. ‘हँड्स अप’ म्हणजे शरणागती आणि ‘हँड्स डाउन’ म्हणजे विजय, हे एकत्र लक्षात ठेवलं तर सहसा विसरत नाही.

आपल्या मराठी हातांमुळे होणारी फसगतही सांगितली पाहिजे. ‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ हा प्रयोग बायबलमधल्या पाँटियस पिलातपर्यंत जातो. येशूच्या मृत्युदंडाची जबाबदारी आपली नाही, हे दाखवायला त्यानं लोकांसमोर हात धुतले. म्हणून याचा अर्थ हात झटकणं. पण मराठीत कुणी एखाद्या प्रकरणात ‘हात धुऊन घेतले’ तर त्यानं संधी साधून आपला वाटा उचललेला असतो. आणि ‘हात धुऊन मागे लागला’ तर पिच्छा सोडलेला नसतो. म्हणजे त्या भाषेत हात धुणारा निघून जातो आणि आपल्या भाषेत तो अधिकच चिकटतो. ‘पुल समवन्स लेग’चंही असंच आहे. इंग्रजीत ती निरागस थट्टा. मराठीत पाय ओढणारा थट्टा करत नसतो, वर चढणाऱ्याला खाली खेचत असतो. परक्या भाषेतल्या सहकाऱ्यानं ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग’ म्हटलं आणि आपण मनाला लावून घेतलं, असं व्हायला नको.

काही जोड्यांमागे घटना आहेत. ‘स्टील द शो’ म्हणजे कार्यक्रमात सर्वांहून उठून दिसणं. यात कुणाचा अपराध नाही. ‘स्टील समवन्स थंडर’ म्हणजे दुसऱ्याला मिळायचं श्रेय आधीच पळवणं; यात अपराध आहे, आणि त्याची गोष्ट लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात घडली असं सांगतात. जॉन डेनिस या नाटककारानं १७०९ साली ‘ॲपियस अँड व्हर्जिनिया’ या आपल्या नाटकासाठी रंगमंचावर मेघगर्जना घडवण्याची नवी युक्ती काढली. नाटक चाललं नाही, लवकरच उतरवलं गेलं. पुढे तिथेच ‘मॅक्बेथ’ पाहायला गेला असताना त्याला आपलीच गर्जना ऐकू आली. नाटक नाकारलं आणि गडगडाट मात्र चोरला, म्हणून तो संतापला. आज भाषणाच्या आदल्या दिवशी कुणी तुमचाच मुद्दा वर्तमानपत्रात मांडला, तर त्या जुन्या संतापाचे शब्द उपयोगी पडतात.

‘टर्न अ ब्लाइंड आय’ आणि ‘टर्न अ डेफ इअर’ या जोडीतला पहिला वाक्प्रचार ॲडमिरल नेल्सनशी जोडला जातो. १७९४ मध्ये कॉर्सिकातल्या कॅल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठ अधिकारी हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याचा निशाणी इशारा दिला, तेव्हा नेल्सननं दुर्बीण अंध डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसत नाही असं म्हटलं, अशी कथा आहे. दोन वाक्प्रचारांतला भेद सूक्ष्म आहे. ‘ब्लाइंड आय’ म्हणजे चाललेली गोष्ट दिसत असून न दिसल्यासारखं करणं. ‘डेफ इअर’ म्हणजे कुणाची विनंती किंवा तक्रार ऐकूनही मनावर न घेणं. चुकीकडे डोळा फिरवतात, याचनेकडे कान. मराठीनं ‘कानाडोळा’ या एका शब्दात दोन्ही अवयव घेतले आणि हा प्रश्नच मिटवला.

मरणाचे वाक्प्रचार हा नाजूक भाग, आणि सर्वांत जास्त जपायचा. ‘पास अवे’ म्हणजे वारणं, निधन होणं. ‘किक द बकेट’ म्हणजेही मरणंच, आणि शब्दसूचीत दोन्ही शेजारीशेजारी दिलेले सापडतात. पण दुसरा हलक्या तोंडचा आहे. फ्रान्सिस ग्रोस यानं १७८५ साली अशिष्ट बोलीचा जो कोश काढला त्यात तो आहे. आजोबा ‘गेले’ किंवा ‘वारले’ असं सांगणारा मराठी माणूस आजोबा ‘गचकले’ असं कधी म्हणणार नाही. ‘किक द बकेट’ची जागा तिथे आहे. सांत्वनाच्या पत्रात तो लिहिला गेला तर लिहिणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, वाचणाऱ्याला घाव बसतो. ‘बाइट द डस्ट’ आधी रणांगणावर कोसळणाऱ्या वीरांबद्दल होता, आता पराभूत संघ आणि बुडालेल्या योजनाही धूळ चावतात. ‘गिव्ह अप द घोस्ट’ १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूच्या मृत्यूच्या वर्णनात आहे. आज तो बंद पडलेल्या मोटारीला लावतात.

या वाक्प्रचारांना व्याकरणही आपापलं असतं. ‘तो आठवडाभर मरणपंथाला होता’ या अर्थानं ‘ही वॉज डाइंग फॉर अ वीक’ चालतं, पण ‘ही वॉज किकिंग द बकेट फॉर अ वीक’ चालत नाही. बादलीला लाथ एकदाच बसते. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला खरोखरीची बादलीच दिसते. उलट गुपित फोडणं या अर्थाच्या ‘स्पिल द बीन्स’चं ‘द बीन्स वर स्पिल्ड’ खुशाल करता येतं. नुनबर्ग, सॅग आणि वॅसो या भाषाशास्त्रज्ञांनी १९९४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकातल्या लेखात याचं कारण मांडलं. ‘स्पिल द बीन्स’चे तुकडे पाडता येतात: सांडणं म्हणजे फोडणं, बीन्स म्हणजे गुपित. ‘किक द बकेट’मध्ये बादली म्हणजे काय, याला उत्तर नाही. तो अखंड दगड आहे. ज्याचे तुकडे पडतात तो वाकतो, ज्याचे पडत नाहीत तो आहे तसाच वापरावा लागतो.

कधी कधी वाक्प्रचार अक्षरशः तोच असतो आणि देश बदलल्यानं अर्थ उलटतो. ‘टू टेबल’ एखादा प्रस्ताव, म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेसाठी मांडणं आणि अमेरिकेत चर्चेतून बाजूला ठेवणं. लष्करी अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यांनी १८७६ मध्ये लिहिलेल्या सभानियमांच्या प्रसिद्ध पुस्तकातही मेजावर ठेवणं म्हणजे तूर्त दूर सारणं. दुसऱ्या महायुद्धात हा भेद दोन्ही मित्रदेशांच्या सेनाधिकाऱ्यांसमोर आला. विन्स्टन चर्चिल यांनी महायुद्धाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात तो प्रसंग लिहिला आहे. ब्रिटिशांना एक टिपण तातडीनं चर्चेला घ्यायचं होतं, म्हणून ते ‘टेबल’ करू या असं म्हणाले. अमेरिकनांना वाटलं की ते गुंडाळून ठेवायचं म्हणत आहेत, आणि विषय महत्त्वाचा असल्यानं त्यांनी कडाडून विरोध केला. बराच वेळ कटू वाद झाल्यावर उमगलं की दोघांना एकच हवं आहे. आपली संसदीय परंपरा ब्रिटिश वळणाची. म्हणून आपल्या विधिमंडळात कागद ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ म्हणजे तो सदस्यांसमोर आला, अडगळीत गेला नाही.

‘मूट पॉइंट’चीही हीच कथा. अँग्लो-सॅक्सन काळात ‘मूट’ म्हणजे सभा. पुढे लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये वकिलीचे विद्यार्थी कल्पित खटल्यांवर वाद घालत, त्यालाही ‘मूट’ म्हणू लागले. पुण्या-मुंबईच्या विधी महाविद्यालयांतलं ‘मूट कोर्ट’ ते हेच. ब्रिटिशांनी यातला वाद धरला, म्हणून त्यांच्याकडे ‘मूट पॉइंट’ म्हणजे वादाचा मुद्दा. अमेरिकनांनी यातलं कल्पितपण धरलं, म्हणून त्यांच्याकडे तो आता निरर्थक झालेला, ज्यावर वाद घालण्यात हशील नाही असा मुद्दा. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं. तिथे बैठकीत कुणी तुमच्या सूचनेला ‘मूट’ म्हटलं तर ते चर्चेचं आमंत्रण नसतं.

सॅम्युअल जॉन्सन यानं १७५५ मध्ये आपला इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत या छोट्या शब्दांची स्वतंत्र दखल घेतली. ‘कम ऑफ’, ‘सेट इन’, ‘सेट ऑफ’ यांसारखे प्रयोग परदेशी शिकणाऱ्याला सर्वांत अवघड जातात, म्हणून ते आपण विशेष काळजीनं टिपले आहेत, असं त्यानं लिहिलं. अशा प्रयोगांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मिळायला मात्र १९२५ साल उजाडलं. लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते आलं, आणि ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. इंग्रजीच्या कोशकारांनी परक्यांची अडचण पावणेतीनशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं कितीतरी पिढ्यांना मराठीतून इंग्रजी शिकवलं. त्याच निष्ठेनं आता जुळ्या वाक्प्रचारांची एक मराठी पाठमाला व्हायला हवी: डावीकडे ‘इन चार्ज ऑफ’, उजवीकडे ‘इन द चार्ज ऑफ’, आणि दोहोंखाली आपल्या घरातलं, बाजारातलं, कचेरीतलं एकेक पूर्ण वाक्य. माझ्या शिक्षक मित्रांना आणि मैत्रिणींना कळकळीची विनंती आहे की वर्गात मुलं ज्या जोड्यांवर अडतात त्या आजपासून वहीत टिपायला लागा. सुटा शब्द लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, आणि ते कोण कुणाला म्हणालं तेही लिहा.